जाळ कुणाचा

महाडला आमच्या घराच्या ओटीवर कोयते टांगलेले असत. प्रत्येकाच्या मुठीला सुतळीनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर आणि वाडीचं नाव. वडील फॉरेस्ट खात्यात रेंजर होते. राखीव जंगलात परवान्यावाचून तोड करताना जो सापडे त्याचा कोयता जप्त होई आणि निकाल लागेपर्यंत आमच्याकडे राही. निकाल लागल्यावरही पुष्कळ कोयते तसेच राहत. एका कोयत्यासाठी पोलादपूरच्या डोंगरावरून महाडपर्यंत यायचं तर दोन दिवस मोडत. आई म्हणे, "खाटकाचं घर वाटेल कुणाला." चिठ्ठ्या मी लिहीत असे.

मामांनी मला पुण्याच्या इंग्रजी शाळेत ठेवलं होतं. तिथं मराठी बोललं की शिक्षा होई, आणि सुट्टीत घरी यावं तर इंग्रजी बोलायला कुणी नसे. या दोहोंमधून मी गप्प राहायला शिकले. मॅट्रिक होऊन महाडला परत आले तेव्हा गावातल्या बायका मला बघायला येत आणि दोन वाक्यं बोलून उठून जात. माझी त्याला हरकत नव्हती.

वडिलांना खात्याचे नियम वाचता येतील एवढं इंग्रजी येत होतं. पण नवे डिव्हिजनल साहेब आले आणि रिपोर्ट लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत येऊ लागले. एके दिवशी वडिलांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाले. तेव्हापासून रेंजमधला प्रत्येक गुन्हा आणि प्रत्येक अपघात माझ्या अक्षरात साहेबांकडे जाऊ लागला. वडील मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे.

आंबेनळीच्या घाटाखाली मध काढायला गेलेला एक माणूस कड्यावरून पडून मेला. रिपोर्टात पहिलं वाक्य आलं की त्याच्याकडे परवाना नव्हता. लाकडाला गेलेल्या बाईला बिबट्यानं धरलं, तिचा खांदा निघाला. तिथंही सुरुवात तीच. अपघात कसाही झालेला असो, जखमी माणसाचा गुन्हा आधी लिहायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. दोन-तीन रिपोर्टांनंतर मी आपणहून तसं लिहू लागले. साहेबांच्या लाल खुणा थांबल्या.

जंगल सत्याग्रहाला फार दिवस झाले नव्हते. रानात कुठं धूर दिसला की खात्याला आधी खोडसाळपणाच दिसे.

आता जाळरेषेविषयी सांगायला हवं. राखीव जंगलाच्या कडेनं गवताचा एक पट्टा खात्याचे गार्ड दर वर्षी स्वतःच जाळून काढतात. पुढं उन्हाळ्यात वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्यावर तो अडावा, म्हणून. हे काम वारा पडल्यावर, उन्हं कलली की सुरू करायचं, रेंजरनं जातीनं हजर राहायचं, आणि शेवटची ठिणगी गार झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असा नियम आहे. त्या वर्षी काम लांबलं आणि थेट शिमग्याच्या तोंडावर आलं.

वडिलांचे गुडघे त्या थंडीत सुजले होते. जाळरेषेच्या दिवशी ते डोंगराकडे गेले नाहीत. महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले, आणि मला बरोबर नेलं. मी दगडावर बसून होते. त्यांनी धोतर वर घेऊन पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी डायरी सांगितली. जाळरेषेच्या कामावर उन्हं कलल्यापासून काम संपेपर्यंत हजर. मी लेखणी थांबवली.

"गार्ड आहे तिथं," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गार्ड आला. त्याच्या भिवया जळून गेल्या होत्या आणि हाताला केळीचं पान लावून वरून फडकं बांधलं होतं. मी आतल्या दाराशी तांदूळ निवडत होते. ओटीवरचं सगळं तिथं ऐकू येई.

"सायेब, गावात पालखी यायची व्हती," तो म्हणाला. "माज्याच दारात थांबायची व्हती पयली. म्हनून मी दुपारीच लाईन पेटवली."

"वाऱ्यात?"

"व्हय. नि विझली आसंल म्हनून उतरलो खाली."

"विझली असेल म्हणून!"

"पालखी दारातना परत ग्येली तर काय तोंड दाखवू, सायेब?"

मग त्यानं उरलेलं सांगितलं. मागं राहिलेल्या निखाऱ्यांवर वारा बसला, जाळ रेषा सोडून जंगलात शिरला आणि सागाची लावणी खात वरच्या वाडीकडे चढला. वाडीत पुरुष जवळजवळ नव्हतेच, सगळे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, आणि शिमग्याला आलेले चारदोन खाली पालखीला गेलेले. एका विधवेनं बायका गोळा केल्या, घरांच्या मागं टहाळ्यांनी झोडपत एक पट्टा मोकळा केला आणि येणाऱ्या जाळाच्या समोरून दुसरा जाळ लावला. दोन्ही जाळ एकमेकांना भिडले आणि खायला काही उरलं नाही म्हणून विझले. वाडी वाचली. वाडीच्या वरचं सगळं जंगलही वाचलं. गार्ड पोचला तेव्हा ती राखेत उभी राहून खालच्या गवतातून कुठं धूर उठतो का ते बघत होती.

"मला बगून काय बोलली ठावं हाय, सायेब? म्हनली, नाचवलास का देव पोटभर?"

"तू हे कुणाला बोललास?"

"तुमालाच फकस्त."

"मग आता पुरे कर," वडील म्हणाले.

त्या डोंगरावर एक रीत आहे. कुणीही जाळ लावला, भाताच्या राबाचा असो की वणव्याच्या समोरचा, तर लावणाऱ्यानं आधी कड्यावर उभं राहून हाळी द्यायची: जाळ आमचा! आणि घराण्याचं नाव सांगायचं. म्हणजे पलीकडच्या वाड्यांनी घाबरू नये. ज्यानं हाळी दिली त्यानं जाळ थंड होईपर्यंत जागा सोडायची नाही, नुकसान झालं तर तोंड चुकवायचं नाही. बिनहाळीच्या जाळाला ते चोराचा जाळ म्हणतात. त्या बाईनं हाळी दिली होती. तीन वाड्यांनी ती ऐकली होती. म्हणून चौकशीला आलेल्या फॉरेस्टरला जंगलात जाळ कुणी लावला हे विचारायला कुठं जावंच लागलं नाही. जो तो तिचं नाव कौतुकानं सांगत होता.

पोलादपूरला खात्याच्या बंगल्यात साहेबांनी चौकशी ठेवली. वडिलांनी मला सर्व्हिस मोटारीनं बरोबर नेलं. कागद लावून द्यायला आणि साहेब म्हणतील ते टिपून घ्यायला. निघताना आईनं माझा पदर सारखा केला. "विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. मला असं बजावावं लागत नसे.

साहेब व्हरांड्यात बसले होते. माणूस दिसायला सौम्य होता. मला त्यांनी खुर्ची द्यायला सांगितली आणि माझ्या रिपोर्टांच्या भाषेची दोन शब्दांत तारीफ केली. मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर त्या तारिफेनं माझे कान गरम झाले, आणि तेही सुखानं.

मग ती बाई आली. तिशी ओलांडलेली, काटक, कमरेला कोयता. शिपायानं कोयता दारातच काढून घेतला. पहाटे निघून ती चालत आली होती. पायांवर अजून राखेचा करडेपणा होता. बसायला कुणी सांगितलं नाही. ती खांबाशी उभी राहिली आणि साहेब काही विचारायच्या आधीच म्हणाली, "जाळ माजा हाय."

वडिलांनी इंग्रजीत सांगितलं: ती कबूल करते.

"का लावला, विचारा," साहेब म्हणाले.

ती बराच वेळ बोलली. हात करून तिनं डोंगराचा उतार दाखवला. लाईन कुठं, वारा कुठला, लाईनीवर गार्ड नव्हता आणि राख उघडी पडली होती, खालचा जाळ कसा सरळ गुरांच्या वाड्याकडे आला, ते सांगितलं. "आमी लावला नसता तर सायेब, तुमाला आज जंगलबी नसतं नि आमीबी नसतो," ती म्हणाली. "आनि आता आयकतंय, आमची गुरं बंद करनार, कवळ बंद करनार. कवळ नाय तर राब कशाचा भाजू? नि गुरं चरली नाय तर गवात वाढंल कमरंयेवढं. मंग फुडल्या सालचा वनवा कोन आडवनार?"

कवळ म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या आणि पाला. भाताच्या रोपांच्या जागेवर तो पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. डोंगरातली जमीन त्याशिवाय रोप धरत नाही. राखीव जंगलातून कवळ तोडायची आणि गुरं चारायची वाडीला सवलत होती. वाडीतल्या कुणी जाणूनबुजून आग लावली असं ठरलं तर सरकार ही सवलत बंद करू शकतं. चौकशी एवढ्याचसाठी होती, आणि हे ती बाई आमच्याइतकंच ओळखून होती.

वडिलांनी साहेबांना सांगितलं की गुरांना नवं गवत हवं म्हणून वाडीवाले कधीकधी आग लावतात.

ती वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसली. "येवढं मी बोलले नि तुमी दोनच शबूद सांगितलेत, रेंजरसायेब. तुमचा सायेब लय हुशार दिसतोय, थोडक्यात समाजतंय त्याला."

शिपाई तोंड फिरवून हसला. वडिलांच्या मानेवर घाम आला होता. ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, आणि मला त्या गुडघ्यांपलीकडे सवचं पाणी दिसत होतं. टेबलावरच्या डायरीत ते जाळरेषेवर हजर होते. लाईनीवर माणूस नव्हता हे तिचं बोलणं खरं ठरलं, तर ती डायरी खोटी ठरत होती. वडिलांची नोकरी जाणार होती, पेन्शनीला काही वर्षं उरली असताना. आणि डायरीतलं अक्षर माझं होतं.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "बाय गो, तू शिकलेली दिसतंस. सायबाची भाषा येती ना तुला? मंग तू सांग त्याला, मी काय बोलले ते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला आणखी काही सांगायचं आहे का?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. आवाज इतका साधा होता की मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला कदाचित राग आला असता आणि मी बोलले असते. ते समोरच्या आंब्याकडे बघत होते.

"नाही, सर," मी म्हणाले.

साहेबांशी मी बोललेले तेवढेच दोन शब्द.

बाई माझं तोंड हललेलं पाहून थांबली. काहीतरी पोचवलं गेलं असं तिला वाटलं असावं, कारण तिनं मान डोलावली. "देव तुजं बरं करो, बाय," ती म्हणाली.

जबानीवर तिचा अंगठा घेतला. पुढच्या आठवड्यात वाडीतल्या प्रत्येक घराकडून एका हमीपत्रावर अंगठे घेतले: राखीव जंगलात आम्ही कुठल्याही कारणानं जाळ लावणार नाही. मसुदा माझा होता. 'कुठल्याही कारणानं' हे शब्द मी साहेबांच्या सूचनेवरून घातले. कवळ आणि गुरचरण तीन वर्षं बंद झालं. साहेबांनी फाइलवर शेरा मारला की रिपोर्ट नेमका आणि स्वच्छ लिहिलेला आहे. वडिलांनी तो शेरा मला दाखवला नाही. फाइल लावताना तो माझा मीच वाचला.

घरात यावर एकदाही बोलणं झालं नाही. एकदा जेवताना आईनं विचारलं, "त्या जाळ लावणाऱ्या बाईचं काय झालं हो?" वडील म्हणाले, "आमटी वाढ." एवढंच. त्या पावसाळ्यात वाडीची रोपं पिवळी पडली. गुरं कोंडवाड्यात येऊ लागली, मग काही घरांनी गुरं काढूनच टाकली. गार्ड हे सगळं ओटीवर सांगे आणि मी दाराशी ऐकत असे. त्याच्या भिवया पुन्हा उगवल्या होत्या. तिचा कोयताही जप्त होऊन आमच्याच ओटीवर होता. मुठीवर तारेचे तीन वेढे होते, आणि चिठ्ठी अर्थात माझ्या हातची.

पुढच्या शिमग्याच्या आधीच, माघातच, वणवा आला. या वेळी लाईन नीट जाळली होती. वडील गुडघे दुखत असतानाही दोन दिवस उभे होते. पण लाईनीच्या आतलं गवत वर्षभर कुठल्या गुरानं तोंड न लावल्यामुळं कमरेपर्यंत वाढून वाळलं होतं. जाळ कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. घाटातून कुणी विडी टाकली असेल.

गार्ड आला तेव्हा वडील अजून डोंगरावरच होते. त्यांनी त्याला रिपोर्टाचा तपशील घेऊन माझ्याकडे पाठवलं होतं. तो पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. मी दाराआडून तांब्या दिला.

"वाडी ग्येली, ताय," तो म्हणाला.

"माणसं?"

"मानसं हायेत. भांडी, गुरं, पोरंबाळं घेऊन नांगरलेल्या शेतात जाऊन बसलीवती समदी. आदीच. बसून बगत व्हती."

"विझवायला कुणी आलं नाही?"

"टहाळं घेऊन झोडलं थोडं. कायदाच हाय ना, यावंच लागतंय. पन झोडून तो विझनार व्हता काय? समोरनं जाळ लावायला पायजे व्हता. रेंजरसायेबांनी सोता सांगितलं त्या बाईला, लाव म्हनून. मी तिचं पाय धरलं, ताय. म्हनलं, माये, लाव गो. येळ नाय."

"मग?"

"म्हनली, आमी लिवून दिलंय. कुटल्याबी कारनानं लावनार नाय म्हनून."

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"मंग काड्याची पेटी माज्या हातात दिलीन. म्हनली, तू लाव. पन आदी वर हुबा ऱ्हाऊन हाळी दे, जाळ कुनाचा ते सांग."

पुढं तोच म्हणाला, "माजी नोकरी हाय, ताय. मी कसा लावू? आनि रेंजरसायेबबी नुसतंच हुबे ऱ्हायले. पेटी तशीच ऱ्हायली माज्या हातात." त्यानं खिशातून ती काढून दाखवली, खरं वाटावं म्हणून. "तवर जाळ गुरांच्या वाड्यावर आला."

तिचं घर सगळ्यांत आधी गेलं, कारण ते जंगलाच्या सगळ्यांत जवळ होतं.

तो गेल्यावर मी रिपोर्ट लिहायला बसले. जळालेलं क्षेत्र, झाडांची जात, मदतीला आलेल्यांची संख्या. वाडीतले लोक हजर होते पण त्यांनी पुरेसं सहकार्य केलं नाही, असं वडिलांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून पाठवलं होतं. ते मी इंग्रजीत केलं. आगीच्या कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं.

मग उठून ओटीवर गेले. तारेचे तीन वेढे असलेला कोयता खुंटीवरून काढला आणि सुतळी सोडली. चिठ्ठी चुलीत टाकली. कोयता पदराखाली घेऊन मी पोलादपूरच्या रस्त्यापर्यंत गेले. तिथं सर्व्हिस मोटारीची वाट बघत वरच्या अंगाची दोन माणसं बसली होती. त्यांच्या हाती कोयता दिला आणि कुणाचा ते सांगितलं.

"कोनी दिला म्हनून सांगू?" त्यांतल्या एकानं विचारलं.

मला नाव सांगता आलं नाही. मी नुसतीच परत फिरले.